रिकाम्या बाटलीची टिक

काटेबाईचा नवरा तक्ते करण्यात पटाईत होता. शाळेत कारकून. कोणत्या वर्गाला कोणता तास, कोणत्या शिक्षकाला कधी मोकळीक, सगळं पट्टीने रेघा मारून, तीन रंगांत. बाकी कशात कधी नाव काढलं नाही, पण रेघा सरळ यायच्या, आणि तेवढ्यावर स्वारी खूश असायची.

काटेबाई हे तिचं कारखान्यात पडलेलं नाव. स्क्रूच्या कारखान्यात ती पाकिटं भरायच्या टेबलावर काट्याशी बसायची. तिथे स्क्रू मोजत नाहीत, तोलतात. आधी रिकामं पाकीट काट्यावर ठेवायचं, मग भरलेलं, आणि फरक बघायचा. डबा रिकामा झाला म्हणजे माल पाकिटात गेला, असं समजणाऱ्या एका नव्या मुलीला तिने सगळ्यांदेखत रडवलं होतं. निम्मे स्क्रू टेबलाखाली निघाले होते. "डबा काय बघतेस? पाकीट बघ की!" ही तिची आरोळी दारापर्यंत ऐकू गेली होती.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. त्या सहा वर्षांत तिला सल्ला न देणारं माणूस शोधून सापडलं नसतं. शेजारणीला स्वतःची तीन पोरं आवरत नव्हती, पण जिन्यात गाठून हिला मूल कसं होईल ते सांगायची. तपासणीला जायचं म्हटलं की नवऱ्याला नेमकं शाळेत काम निघायचं. शेवटी एकदाचा आला, आणि त्या एका फेरीचा उपकार वर्षभर बोलून दाखवला. सुया तिने टोचून घेतल्या, उलट्या तिने काढल्या. आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन ठोके दिसले तेव्हा हे महाराज छाती फुगवून म्हणाले, "आपलं काम म्हणजे असं! एकदम डबल!"

"तुमचं काम?" ती पोटावरचा गार चिकटा पुसत म्हणाली. "तुम्ही बाहेर बसून मोबाइल बघत होतात."

डॉक्टरीणबाईंनी तोंड फिरवून हसून घेतलं.

आठव्या महिन्यातच ऑपरेशन करावं लागलं. पहिली मुलगी दवाखाना डोक्यावर घेतच बाहेर आली. दुसरी चार मिनिटांनी आली आणि रडायचं नावच घेईना. पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या, तेव्हा कुठे एकदा कुरकुरली. तोवर काटेबाई छताकडे बघत कान देऊन पडली होती. तेवढी भीती तिला आधी कधी वाटली नव्हती. घरी आल्यावर एकीचं नाव पडलं भोंगा, दुसरीचं गप्पी. खरी नावं कागदावरच राहिली.

अंगावरचं दूध दोघींना पुरेना, म्हणून बाटल्या आल्या. तीन महिन्यांनी रजा संपली. ती कामावर निघाली, तशी नवऱ्याच्या अंगात वेळापत्रक संचारलं. त्याने एक भलामोठा तक्ता केला आणि स्वयंपाकघराच्या दारावर डकवला. दर तीन तासांनी एक रकाना, रकान्यात दोन चौकोन. बाटली संपली की टिक. सकाळी सहाची पाळी आईची, नऊची बापाची, पुढच्या दोन आजीच्या. तक्त्याचा फोटो शाळेत सगळ्यांना दाखवून झाला. मुख्याध्यापक म्हणे 'वा!' म्हणाले. लंगोट बदलायच्या वेळी मात्र या गृहस्थाचे हात कायम शाईने भरलेले असायचे.

तक्ता टिकांनी भरत गेला. भोंगा गुबगुबीत झाली. गप्पी होती तिथेच राहिली.

तीन आठवडे तिचं वजन तीन किलो शंभरवर अडून बसलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. त्या म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत दीडशे ग्रॅम तरी वाढायला हवं. नाहीतर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. दूध नीट पितेय ना?"

नवऱ्याने मोबाइलवरचा तक्ता पुढे केला. "एकही पाळी चुकलेली नाही, मॅडम."

घरी आल्यावर सासूबाईंनी निकाल दिला, "जुळ्यात एक जरा नाजूक असायचंच. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

जिवाला लावून घ्यायचं नाही तर मग कुठे लावायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. काटेबाईने शनिवारी कारखान्याच्या मालकाला विचारून एक काटा पिशवीत घातला आणि घरी आणला.

रविवारी सकाळी नऊ वाजता तिने दोघींना आळीपाळीने काट्यावर ठेवलं, आकडे लिहिले आणि म्हणाली, "आता रोज पाजता तसंच पाजा. मी मध्ये बोलणार नाही."

बापाने गप्पीला मांडीवर घेतलं. तिने चार घोट घेतले आणि डोळे मिटले. गालाला बोट लावलं, ढिम्म हलेना. तिकडे भोंग्याने आपली बाटली संपवून आणखीसाठी गळा काढला होता. सासूबाईंनी सहज हात पुढे केला, गप्पीची बाटली घेतली आणि भोंग्याच्या तोंडाला लावली. दोन्ही बाटल्या रिकाम्या. बाप उठला आणि दोन सुबक टिका करून आला.

काटेबाईने दोघींना पुन्हा तोललं. भोंगा एकशे सत्तर ग्रॅमने वाढली होती. गप्पी वीस.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वीस! वीस ग्रॅमवर टिक? लेकरू उपाशी मरतंय आणि तुम्ही रेघा कसल्या मारताय?"

"पण बाटली संपली होती ना," नवरा म्हणाला. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

"अगं, उरलेलं दूध मोरीत ओतायचं का?" सासूबाई म्हणाल्या. "शेवटी बहिणीच्याच पोटात गेलं ना?"

"दोघींना एकच पोट आहे का, आई?"

मग तिचं तोंड सुटलं ते सुटलंच. कारकुनी, शाळा, मुख्याध्यापकांचं 'वा!', सासूबाईंची काटकसर, सगळ्यांची सालं काढली. नवरा मान खाली घालून उभा राहिला. तिने दारावरचा तक्ता ओरबाडून काढला, फाडायला दोन्ही हातांत धरला, आणि तिथेच थांबली.

सहाच्या रकान्यातल्या टिका तिच्या होत्या. तीन आठवड्यांच्या सगळ्या. कारखान्यात पाकिटावर करते तशाच, खाली बारीक शेपूट काढलेल्या. साडेसहाची बस. एका हाताने केस बांधायचे, दुसऱ्या हाताने बाटली धरायची. गप्पी झोपलेली, भोंगा बोंबलतेय, अर्धी बाटली हातात. मग ती आपण कोणाच्या तोंडाला लावतो, याचा तिने एकदाही विचार केला नव्हता.

तिने तक्ता फाडला नाही. सहाचा रकाना आत जाईल अशी घडी घातली आणि कपाटात कपड्यांखाली सरकवली. घरच्यांना वाटलं, राग निवला.

कामावरून तिने आठवडाभर सुट्टी घेतली. गप्पीला उघडं करून, पाय चोळून, दर दोन तासांनी जागं करायचं आणि पाजायचं. एका बाटलीला पाऊण तास. आधी वजन, मग दूध, मग वजन. ओठ आंबायचे पोरीचे, आईची मांडी बधिर व्हायची. त्या पाच दिवसांत नवऱ्याला आणि सासूला तिने टोमणे मारायचं काही सोडलं नाही. चहा देतानाही विचारायची, "कप रिकामा झाला की टिक करू का?" नवरा निमूट प्यायचा. लंगोटही धुवायला लागला होता.

शुक्रवारी दवाखान्याच्या काट्यावर गप्पी पाय झाडत मोठ्याने रडली. तीन किलो दोनशे नव्वद.

"दाखल करायची गरज नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता सांगा, आधी चुकत कुठे होतं?"

नवऱ्याने नजर बुटांकडे वळवली. आठवडाभरात त्याला ती सवयच लागली होती. काटेबाईने तोंड उघडलं. कारकुनावरचं एक चांगलं सणसणीत वाक्य तयार होतं, तेही मॅडमसमोर. तिने गप्पीला काट्यावरून उचललं, टोपरं नीट केलं.

"सहाची बाटली मी द्यायचे," ती म्हणाली. "तीही रिकामीच असायची."