पूजाला खोली पाहिजे

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहून राहिली.

माझ्या शिवणकामाच्या दुकानात पूजा नावाची मुलगी आहे. ती बालगृहात वाढली. अठरा वर्षं पूर्ण झाली, म्हणून तिथून निघावं लागलं. सध्या दुकानातच झोपते. आज दुपारी तिला घेऊन राजापेठेत एक खोली बघायला गेली.

घरमालक काकांनी खोली दाखवली, नळ कधी येतो तेही सांगितलं. मग आपल्याकडचा ठरलेला प्रश्न आला, "गाव कोनतं? मायबाप काय करतात?"

पूजाने खरं ते सांगितलं. काकांचा सूरच बदलला. "आमी फॅमिलीवाल्यायलेच देतो. उद्या काई झालं त कोनाले बोलवाचं?"

मी भांडणारच होती, पण पूजा म्हणाली, "काका, तुमी बंटीचे बाबा नं? त्याच्या वाढदिवसाले दरवर्षी आमच्या बालगृहात केक आनत होते. आमी रांगेत उभं राहून गानं म्हनत होतो."

काका म्हणाले, "ते अलग हाये." आणि दार लावून घेतलं.

अलग काहून हो? पोराचा वाढदिवस बालगृहात करायचा, फोटो टाकायचे, पुण्य कमवायचं. तीच पोरगी दारात आली की तिचे मायबाप मागायचे?

परत येताना पूजा एवढंच बोलली, "ताई, दुसऱ्यायच्या वाढदिवसाले आमाले केक भेटे. आपला अठरावा आला का सामान बांधावं लागे."

तुमच्याही मोबाईलमध्ये असे फोटो असतील. त्यातली पोरं आज कुठं झोपतात, माहीत आहे?