आईचं वांगी लुगडं

आई गेली तेव्हा वहिनीनं मला विचारलं, "वन्सं, तुम्हाला आईंचं काय हवं?" मी म्हटलं, "ते वांगी लुगडं." वहिनीला वाटलं मी संकोच करतेय. म्हणाली, "अहो, त्याचं तर पोतेरं झालंय! चांगलं महेश्वरी घ्या ना, पेटीत तसंच पडलंय." मी म्हटलं, नको, पोतेरंच दे.

सुती नऊवारी, काळे काठ. वांगी रंग फक्त निऱ्यांच्या आत उरला होता, बाहेर सगळा धुपून गेला होता. ओले हात आई नेहमी डाव्या कमरेला पुसायची, तिथे कापड इतकं विरलं होतं की त्यातून बोट दिसायचं. आणि पदराजवळ लाल खणाचं एक चौकोनी ठिगळ. शेगडीतली ठिणगी उडाली होती, तेव्हाचं. आईला मी कायम त्याच लुगड्यात बघितलीय, बाकी ती काय नेसायची ते मला आठवतच नाही, सच्ची.

घरी आणलं ते मी धुतलं नाही. माळ्यावर जुन्या कपड्यांच्या हिरव्या पेटीत ठेवलं. फोडणी, शिकेकाई, तिची मशेरी, सगळा वास त्यात होता. दुपारी सगळे झोपले की झाकण चार बोटं उघडायचं, नाक लावायचं, की लगेच बंद. पूर्ण उघडलं तर वास संपेल, अशी भीती. शपथेवर सांगते, अशा वेळी मला वाटायचं आई स्वयंपाकघरात आहे, हात पुसून येतेच आहे.

मग मला दिवस राहिले. आमच्याकडे नुकत्याच जन्मलेल्या बाळाला नवं कापड लावत नाहीत, टोचतं म्हणून. पहिलं दुपटं घरातल्या मोठ्या बाईच्या जुन्या लुगड्याचं. तेव्हा मनात एकच घेतलं होतं. आईचा हात माझ्या बाळाला लागणार नाही, पण तिचं लुगडं लागेल. बस, दुसरं काही मागणं नव्हतं.

मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा झाला होता. इंदूरची राजधानी भोपाळला गेली आणि आमचे हेही ऑफिसबरोबर तिकडे गेले. सासरे संस्थानी दरबाराच्या जमान्यातले कारकून, ते रोज भोपाळला शिव्या घालायचे. घरात मी, सासू-सासरे आणि कामवाली बाई. ही बाई जवळच्या सिमरोल गावाकडची, तिकडची मालवी बोली बोलायची. तिच्याशी आम्ही हिंदी बोलायचो, म्हणजे आम्हाला वाटायचं की ती हिंदी आहे.

दिवाळीआधी घराला चुना द्यायचा होता. मला सातवा सरत आलेला, माळ्यावर चढायची सोय नाही. मी बाईला सांगितलं, "बाई, वो माले की हरी पेटी खाली रख देना." आणि न्हायला गेले.

न्हाऊन आले तर ओट्यावर पितळेचे तीन डबे चकाकत होते आणि बाई कमरेवर हात ठेवून उभी. "बाईजी, वो बर्तनवाली तो दो ही दे री थी. मैंने लड़-झगड़ के तीन लिए!"

"कशाचे तीन?"

"पेटी खाली की ना! आपने ही तो बोला."

पेटी उघडी होती. आत फक्त तळाला घातलेला कागद.

मी मराठीत खाली म्हटलं होतं. तिनं हिंदीत खाली केली होती. तिची काय चूक? सासूबाईंना कळलं तशा त्या माझ्यावरच डाफरल्या, "जन्म इंदुरात गेला, अजून खाली म्हणजे काय ते कळलं नाही तुला? नीचे म्हणतात, नीचे!" मग त्यांनी माझा चेहरा बघितला. आणि बाईला म्हणाल्या, "जा, त्या बर्तनवालीला शोध. डबे घेऊन जा."

बाई बिचारी दोन दिवस फिरली. डबे तसेच परत घेऊन आली. बर्तनवालीनं गठ्ठा हाटात जुन्या कपड्यांच्या ओळीत विकून टाकला होता.

रविवारी हाटात मी स्वतः गेले. सासूबाई नको म्हणत होत्या, पण बाईला बरोबर घेतलं आणि गेले. जुन्या कपड्यांची ओळ संपेपर्यंत सगळे ढीग उपसले. नाही. परत फिरले, भाजीच्या बाजूला वळले.

समोर आई चालली होती.

पाठमोरी. डोक्यावर तो विटका वांगी रंग आणि बरोबर मानेखाली लाल खणाचं ठिगळ. पण माझी आई कधी डोक्यावरून पदर पुढे ओढायची नाही, आणि हिनं चालता चालता जरा मान वळवली तर पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. चेहराच नाही. आणि त्याच क्षणी मला दुसरीकडेही तेच दिसलं. दहा पावलांवर, कोथिंबिरीच्या टोपलीमागे, तेच काळे काठ, तोच विटका रंग. आई दोन जागी होती. भरदुपारचं ऊन, भोवती माणसांचा बाजार.

मी ओरडले, "आई!"

ती थांबली. वळली. पदराच्या आतून आवाज आला, "कुण आई?"

मालवीत कोण आली, असं विचारत होती ती. मला मात्र क्षणभर वाटलं, मीच तिला ओळखू येत नाहीये.

बाईनं पुढे होऊन उलगडा केला. मालवी बायका घागऱ्यावर जी ओढणी घेतात तिलाही लुगडंच म्हणतात. आमच्या नऊवारीत त्यांची दोन निघतात. एक या सुनेच्या डोक्यावर, दुसरं टोपलीमागे बसलेल्या तिच्या सासूच्या. गावाबाहेर भंवरकुआंकडे त्यांची शेती होती. आज तिथे कोचिंगवाल्या पोरांची गर्दी, तेव्हा नुसता हरभरा.

मी म्हटलं, "मैं नई साड़ी दूँगी, ये मेरे को वापस दे दो."

म्हातारी हसली. "नवी देगी? नी इना पुराणा में कंई है?"

या जुन्यात काय आहे ते माझ्याआधी बाईनंच सांगितलं, "इनकी माँ का है. मर गई बिचारी."

सुनेच्या कडेवर चार-पाच महिन्यांचं मूल होतं. ते लुगड्याचं टोक चोखत होतं. बाईचं बोलणं पुरं होताच त्या सुनेनं ते टोक त्याच्या तोंडातून ओढलं आणि डोक्यावरचं लुगडं खेचून मातीत फेकलं. भर बाजारात, उघड्या डोक्यानं. सोळा-सतरा वर्षांची पोर होती. भीतीनं पांढरी पडली होती आणि मुलाचं तोंड घागऱ्याला खसाखसा पुसत होती. "मर्या मनख को! म्हारा छोरा का मूंडा में!" मेलेल्या माणसाचं, तिच्या पोराच्या तोंडात.

म्हातारीनं मात्र आपलं डोक्यावरचं सारखं केलं. "म्हारे कंई, म्हूं तो खुद जावा वाली हूं," मला काय, मीच आता जायला टेकलेली, असं म्हणाली आणि कोथिंबिरीवर पाणी मारायला लागली. ते अर्धं तिच्याकडेच राहिलं. मागायची माझी छाती झाली नाही. माझ्या अंगावरची शाल मी त्या पोरीच्या डोक्यावर घातली, मातीतलं उचललं आणि घरी आले.

त्याला आता दुसऱ्याच घराचा वास येत होता, धुराचा आणि दुधाचा. मी ते धुतलं. तीनदा धुतलं. वाळत घातलं की वाऱ्यानं फुगायचं आणि मला त्यात ती चेहरा नसलेली बाई दिसायची.

तोवर माझी आई गेली होती, म्हणजे घरातून बाहेर गेली होती, असंच मी धरून चालले होते. ती मेलीय हे मला त्या पोरीच्या डोळ्यांत दिसलं. त्यानंतर किती दिवस मी मुलाच्या तोंडाचं ते खसाखसा पुसणं डोळ्यांपुढून काढू शकले नाही.

नववा लागल्यावर सासूबाई कात्री आणि सुई-दोरा घेऊन बसल्या. ठिगळाचं ते अर्धं मांडीवर पसरलं, विरलेला भाग बाजूला केला आणि म्हणाल्या, "मधला तुकडा अजून धड आहे बघ. दोन दुपटी निघतील. कापू?"

मी म्हटलं, "नको."

"अगं, याच्यासाठीच ना पोटुशी असून हाटात गेलीस?"

"नको सासूबाई. मेलेल्या माणसाचं आहे ते."

हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. सासूबाईंनी कात्री खाली ठेवली. आत गेल्या आणि आपलं रोजच्या नेसणीतलं जुनं लुगडं घेऊन आल्या, दोरीवरून काढलेलं, अजून थोडं ओलसर. कात्रीनं काठाला चीर दिली आणि दोन्ही हातांनी ते टर्रकन फाडलं.