मखरातला लाल दगड

“बंद कर! आधी तो दिवा बंद कर, मेल्या!”

दादा उंबऱ्यातूनच ओरडला. राजस्थानातल्या खाणीतून रजेवर आलेला, बॅग अजून खांद्यावर. आरतीच्या टाळ्या थांबल्या. मी मखरातला हॅलोजन विझवला.

दोन हजार साली जग बुडणार म्हणत होते, त्याच्या आदल्या गणपतीतली ही गोष्ट. आम्हा रत्नागिरीकरांना जांभ्यापलीकडे दगड ठाऊक नाही. शिमग्याला दादा चांदीच्या खाणीतले पाच नमुने ठेवून गेला होता. चार करडे, शिशासारखे. पाचवा काळ्या कागदात गुंडाळलेला. “हा उघडू नको,” एवढंच बोलला. मला वाटलं, चोरांची भीती! चतुर्थीला उघडला, तर डाळिंबाचा दाणा सुपारीएवढा फुगावा तसा लालभडक. ठेवला बाप्पाच्या पायाशी, वर हॅलोजन सोडला आणि ‘माणिक, माणिक’ म्हणून बोंब ठोकली. मिरकरवाड्यापासून लांज्यापर्यंत माणूस लोटला. बरं, आमची आळी तरी नक्की आली. तिसऱ्या दिवशी तो काळवंडायला लागला, तेव्हा बाप्पाने आळीची दृष्ट ओढून घेतली म्हणून सांगितलं. लोकांनी दोन-दोनदा नमस्कार केले.

आता पाचव्या दिवशी दादाच्या तळहातावर कोळसा होता.

“चांदी, सोमल नि गंधक असतं यात,” तो खाली बसत म्हणाला. “उजेडाने जळतं. आणि हा माझा नव्हे रे.”

दगड त्याच्या खाणीतल्या जोडीदाराचा होता. बायकोसाठी म्हणून शिमग्याला दादाकडे जपायला दिलेला. मग पावसाळ्यात खाणीचं छत कोसळलं आणि तो गेला. बायको पोफळीला, माहेरी. दादा दुसऱ्या दिवशी तिला तो नेऊन देणार होता.

मीही गेलो. तिच्यासमोर दादाचं तोंड उघडेना, आणि माझं आयुष्यात कधी मिटलेलं नाही.

“वहिनी, हा लाल होता,” मी म्हणालो. “भाऊ गेले, त्याच दिवशी याने रंग टाकला. ह्या डोळ्यांनी पाहिलं.”

तिने दगड पदराने पुसला, उलटसुलट केला, पुन्हा पुसला.

“उजेडात ठेवलास तर काळा पडेल, असं ह्यांनी पत्रात लिहिलं होतं,” ती म्हणाली.