लिंबू, डावा पाय आणि लाल गाडी

गाडी भरधाव चालवण्याचा मला दांडगा अनुभव आहे. फक्त तो सगळा झोपेतला आहे. दुपारी जेवून इंदिरानगरच्या आमच्या गॅलरीत रेललो, की मी थेट कसारा घाटात असतो. एक हात खिडकीबाहेर, केस वाऱ्यावर (स्वप्नात मला केस आहेत), दरीत ढग लोळताहेत आणि रस्ता नुसता झोके देतोय. जागेपणी मी आमची जुनी छोटी गाडी भाजी आणायला काढतो, तेव्हा रिक्षासुद्धा मला मागे टाकतात.

अशा माणसाच्या दारात एका रविवारी खरीखुरी लाल स्पोर्ट्स कार येऊन उभी राहिली! आणली माझ्या मेहुण्याने, दिलीपने. त्याची निफाडकडे द्राक्षबाग आहे. हंगाम झकास गेला, गडी ट्रॅक्टर घेतो म्हणून घराबाहेर पडला आणि मुंबईहून ही घेऊन परतला. पण मळ्याच्या रस्त्यावर तिचं पोट घासायला लागलं.

"दाजी, लय नाजूक बाई हाय ही," दिलीप म्हणाला. "आमच्याकडं नाय नांदायची. तुमच्याकडं ठेवतो, आपली मुक्ता चालवंल."

मुक्ता म्हणजे आमची लेक. लायसन्स नुकतंच हातात पडलेलं. ती नुसतं बॉनेटवरून हळूच बोट फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांत मला माझाच घाट दिसला. पण माझ्यातला बाप ऐन वेळी जागा झाला.

"अजिबात नाही! एवढी ताकद आणि एवढासा अनुभव? नवख्या हाती ही गाडी देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!"

"माकड कोणाला म्हणतोस, बाबा?"

"दाजी, तुम्ही हो म्हणलात तर ठेवतो," दिलीप म्हणाला, "नायतर मिळंल त्या किमतीला विकून टाकतो."

मुक्ताचा चेहरा एवढासा झाला. मी घसा खाकरून म्हणालो, "आधी मी स्वतः चालवून बघतो. मग ठरवू." (आतल्या आत मी केव्हाच घाटात पोचलो होतो.)

पण आमच्या घरात पूजेशिवाय सायकलही हलत नाही. आमच्या हिने, म्हणजे मुक्ताच्या आईने, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि हळदीकुंकवाचं ताट मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली. गाडीत जागा दोघांचीच. मला फक्त लिंबं चिरडायची होती.

मुक्ता खिडकीशी वाकली. "बाबा, हिला क्लच नाहीये. डावा पाय गप्प ठेव."

"मला शिकवू नकोस. तुझ्या जन्माआधीपासून चालवतोय!"

मी अ‍ॅक्सिलरेटरवर अलगद उजवा पाय ठेवला. गाडी गुरगुरली. काय तो आवाज! सोसायटीच्या भिंती विरघळल्या, ढग खाली उतरले, माथ्यावर केससुद्धा उगवल्यासारखे वाटले. मी क्षणभर डोळे मिटले (हो, मिटले!) आणि पाय आणखी थोडा दाबला.

लिंबं फुटलेली ऐकूही आली नाहीत. गाडी फाटकातून सुटली, आणि माझा डावा पाय जन्माच्या सवयीने क्लच दाबायला धावला. तिथे होता ब्रेक! गाडी जागीच खिळली आणि ताट उडालं. घाबरून ब्रेक सोडला, तर उजवा पाय आपल्या जागी इमानदारीने दाबलेला! पुन्हा उडी, पुन्हा क्लच शोधणं, पुन्हा ब्रेक. रिकाम्या गल्लीतून आम्ही करडासारखे उड्या मारत निघालो.

"अहो, थांबवा!" ही ओरडली.

"थांबवतोच आहे! मधूनमधून!"

शेवटी 'धप्प' झालं आणि सगळं शांत झालं. गाडी स्पीडब्रेकरवर पोट टेकवून पहुडली होती. तरुण पोरं गाड्या सुसाट नेतात, म्हणून तो स्पीडब्रेकर मीच सोसायटीच्या सभेत भांडभांड भांडून उंच करून घेतला होता. त्या पोरांपैकी एकही आजवर त्याच्यावर अडकलेला नाही.

"काका, यंदा धुळवड लवकर?" वरच्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं. आम्ही दोघं नखशिखांत लालपिवळे झालो होतो.

मुक्ता धावत आली. ती हसली नाही, हे जास्त लागलं. "आई, उतर. बाबा, तूही उतर."

मी उतरलो आणि सुटकेचा श्वास सोडल्यासारखी गाडी जरा वर आली. मुक्ताने बसून सीट पुढे घेतली, आरसे लावले, पट्टा बांधला आणि एक बटण दाबलं. गाडीचं नाक हळूच उचललं गेलं.

"हे बटण कुठून आलं?"

"होतंच, बाबा. पुस्तकात दिलंय."

मग स्टिअरिंग तिरकं करून, दह्याची वाटी नेतात तशी तिने ती गाडी सोडवून काढली.

"मग दाजी, काय करायचं?" दिलीपने विचारलं.

"एक चक्कर मारू दे तिला. मी शेजारी बसतो," मी म्हणालो.

इगतपुरीच्या रस्त्याला लागलो. निळे डोंगर सावकाश जवळ येत होते, त्यांच्या खांद्यावर ढग डुलक्या घेत होते. मुक्ताचे हात इतके शांत होते, की 'जपून' म्हणायला मला एकही जागा सापडली नाही. मला फार फार बरं वाटत होतं. इतकं, की तोंडून निघून गेलं, "थोडी जोरात घे की!"

"बाबा, पाटी बघ वेगाची. आणि शांत बस."

मी शांत बसलो. डोळे भरून आले, ते कुंकवामुळे असं तिला वाटलं. मीही तसंच वाटू दिलं.

परत आलो तेव्हा दिलीप फाटकातच उभा होता. मी उतरलो आणि कडक आवाजात म्हणालो, "माझं मत बदललेलं नाही. नवख्या माणसाच्या हाती ही गाडी द्यायची नाही."

मुक्ताने मान खाली घातली.

"म्हणून किल्ली मुक्ताकडे राहील," मी म्हणालो, "आणि मी कितीही हाता-पाया पडलो, तरी मला द्यायची नाही!"