बारापात्रे बाईंची फिरती वही

बारापात्रे बाई शिकवता शिकवता मध्येच थांबायच्या. हातातला खडू टेबलावर ठेवायच्या, वर्गाकडे वळायच्या आणि म्हणायच्या, "थांबा रे पोट्टेहो. माह्यं चुकून राहिलं." मग पिशवीतून एक जाडजूड वही काढून उभ्या उभ्याच दोन-चार ओळी लिहायच्या. चौथीचा भरलेला वर्ग चिडीचूप बसून बाईंची चूक लिहून होण्याची वाट पाहायचा. नोकरीवर रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी मी खिडकीतून हे पाहिलं आणि या बाईंचं डोकं ठिकाणावर नसावं, असं माझं प्रामाणिक मत झालं. पुढे दहा वर्षं त्यांच्या शेजारच्या वर्गात शिकवलं. मत बदलायला मला आठवडासुद्धा लागला नाही, पण त्या बदललेल्या मताचा उपयोग मी काय केला ते सांगायला मात्र इतकी वर्षं लागली.

आमची शाळा नागपूरच्या गांधीबागेत, कापडाच्या ठोक दुकानांच्या मागच्या गल्लीत होती. संस्थेच्या अशा चार प्राथमिक शाळा होत्या: आमची, सदरमधली, उमरेडच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातली आणि खुद्द उमरेडची. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. चार शाळांतले मास्तर वर्षातून एकदा, संस्थेच्या वार्षिक सभेत, एकमेकांची तोंडं पाहायचे आणि चिवडा खाऊन घरी जायचे. कोण काय शिकवतो, कसं शिकवतो, कुणाचं कुठं अडतं, याचा कुणाला पत्ता नसे. टाचणवह्या असायच्या, पण त्या तपासनिसासाठी. आमच्या टाचणवह्यांमध्ये एकही पाठ कधी फसला नाही. त्या वाचल्या तर या चार शाळांमधून नुसते विद्वानच बाहेर पडले असावेत असं वाटेल.

बाईंची वही त्याच्या अगदी उलट. ती चारही शाळांमधून फिरायची. प्रत्येक शाळेत एक आठवडा. सदरला बाई स्वतः पायी नेऊन द्यायच्या, पुढे उमरेडच्या एस.टी.चा एक ओळखीचा कंडक्टर ती पिशवीसकट पोचवायचा आणि परत आणायचा. वहीला उमरेडच्या हातमागाच्या लुगड्याच्या तुकड्याचं कव्हर होतं, काठ बरोबर कडेला आलेला. नियम एकच होता. उजव्या पानावर आपलं जे फसलं ते लिहायचं. डावं पान कोरं सोडायचं. ते बाकीच्यांसाठी. ज्याला काही सुचेल त्यानं डाव्या पानावर लिहून वही पुढे पाठवायची.

बाई उमरेडच्या कोष्ट्याच्या घरातल्या. वडिलांचा माग होता, लहानपणी त्याही कांड्या भरायला बसलेल्या. बुटक्या, ठसठशीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी पहिल्यांदा वही हातात घेतली तेव्हा घाबरून विचारलं, "बाई, आपल्याच चुका आपल्याच अक्षरात लिहायच्या?"

"मंग काय दुसऱ्याच्या अक्षरात लिहितं का वं?" त्या म्हणाल्या. "आमचा बाबा मागावर बसला का नं, धागा तुटला की तिथंच थांबे. तिथंच गाठ मारे. तसाच दडपून पुढं विणलं तं लुगडं घडी घालतानी दिसते. मंग गाठ मारता येते का?"

मी लिहिलं. मला भूगोल शिकवायचा होता आणि 'उत्तर दिशा कुठे?' असं विचारलं की माझा अख्खा वर्ग छताकडे बोट दाखवायचा. नकाशा भिंतीवर टांगलेला, त्यात उत्तर वर, म्हणून यांची उत्तर पंख्याजवळ. दोन दिवस मी मुलांना मूर्ख म्हणत होते. उजव्या पानावर हे सगळं लिहिलं, मूर्ख म्हटलेलंसुद्धा. चौथ्या आठवड्यात वही परत आली तेव्हा डाव्या पानावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'नकाशा भिंतीवरून काढावा. जमिनीवर अंथरावा, उत्तर खरोखरच्या उत्तरेकडे करून. मुलांना त्यावर अनवाणी उभं करावं. नागपुरावर उभं राहून उमरेडकडे तोंड करायला सांगावं.' खाली सही होती, मेश्राम, उमरेड.

मी तसं केलं. मुलं नकाशावर उभी राहिली आणि माझ्या नोकरीत पहिल्यांदा मला वाटलं की आज आपण काहीतरी शिकवलं.

मेश्राम सर एका शनिवारी स्वतःच वही घेऊन नागपूरला आले. चोवीस-पंचवीस वर्षांचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं कमी. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली इथंच नागपुरात दीक्षा घेतलेली, आणि घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेले हे पहिलेच. नेमणूक अजून तात्पुरती होती, दोन वर्षांनी कायम व्हायचं होतं. बाईंनी त्यांना चहा दिला आणि वही चाळत म्हणाल्या, "सर, दुसऱ्याच्या चुकीवर तुमी झकास लिहिता. तुमच्या सोताच्या चुका कुठं आहेत? एक पान नाही तुमचं."

मेश्राम सर कपाकडे पाहत म्हणाले, "बाई, आमच्या चुका लोकं पयलेच मोजून ठेवतेत. आपल्या हातानं आनखी कायले लिहून द्याव्या?"

 बाईंनी वहीवर हात ठेवला. "ही वही आपल्या आपल्यात आहे. साहेबाच्या टेबलावर जात नाही. माह्या शब्दावर लिहा."

बाईंच्या शब्दावर त्यांनी लिहिलं. पुढच्या फेरीत वही आली तेव्हा उजवं पान भरलेलं होतं: 'माझ्या तिसरीतल्या निम्म्या मुलांना जोडाक्षर वाचता येत नाही. सहा महिने मी पुस्तकाच्या क्रमानं शिकवत राहिलो. मुलांचं काही चुकत नाही. माझं चुकतं.' डाव्या पानावर आम्ही सगळ्यांनी गर्दी केली. बाईंनी लिहिलं की पुस्तक महिनाभर मिटून ठेवा, मुलांना बसस्टँडवर न्या, पाट्या वाचू द्या. दुकानांच्या, गावांच्या, 'धूम्रपान करू नये'च्या. दोन महिन्यांनी त्याच डाव्या पानाच्या तळाशी मेश्राम सरांनी बारीक अक्षरात एक ओळ घातली: 'आता वाचतात. आभार.'

आता माझ्यावर येते.

संस्थेचे तपासनीस आले त्या दिवशी बाई रजेवर होत्या, पुतणीच्या लग्नाला उमरेडला गेल्या होत्या. वहीचा आठवडा आमच्या शाळेचा होता आणि वही माझ्या कपाटात. साहेबांनी माझा पाठ पाहिला, टाचणवही चाळली आणि म्हणाले, "ठीक आहे. नेटकं आहे. पण वेगळं असं काही नाही तुमच्याकडे." ते जायला निघाले होते. गेले असते तर काहीही बिघडलं नसतं. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी कपाट उघडलं आणि म्हटलं, "साहेब, आमच्याकडे हे आहे."

मला वाटलं होतं ते खूश होतील. तसे ते झालेही. उभ्यानंच दहा-बारा पानं वाचली. "कल्पना कुणाची?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आमची सगळ्यांचीच." हे खोटं होतं आणि ते बोलताना मला गोड वाटलं होतं, हेही लिहायला हवं. साहेब म्हणाले की वही ते संस्थेच्या सदरच्या कचेरीत सचिवांना दाखवायला नेतात. मी लुगड्याचं कव्हर झटकून, नीट करून त्यांच्या हातात दिली.

बाई परत आल्यावर मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. फक्त विचारलं, "मेश्राम सराचं पान होतं का त्यात?" मी म्हटलं, असणारच, सगळ्यांचीच आहेत. त्या दिवशी वही आणायला त्या कचेरीत जाऊन आल्या. साहेब दौऱ्यावर होते.

महिन्याभरानं संस्थेकडून दोन पत्रं निघाली. एक आमच्या शाळेला आलं: उपक्रमशील शाळा म्हणून वार्षिक सभेत आमचा गौरव होणार होता. दुसरं उमरेडला गेलं. ते घेऊन मेश्राम सर सकाळच्या बसनं आले आणि त्यांनी ते बाईंच्या टेबलावर ठेवलं. 'आपण स्वहस्ते लिहून दिल्याप्रमाणे आपल्या अध्यापनात गंभीर त्रुटी असल्याने आपली नेमणूक पुढे चालू ठेवता येत नाही.' खाली त्यांची उजव्या पानावरची वाक्यं उतरवून घेतली होती. डाव्या पानाच्या तळाची ओळ नव्हती.

"बाई, तुमी म्हणलं होतं, साहेबाच्या टेबलावर जात नाही," मेश्राम सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

बाईंनी माझं नाव सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माह्यं चुकलं सर," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन त्या सदरच्या कचेरीत गेल्या. त्याच तपासनीस साहेबांनी खुर्च्या दिल्या, बाईंचं अभिनंदन केलं. बाईंनी विचारलं, "साहेब, वही पूर्ण वाचली का तुमी?"

"वाचली ना. अत्यंत प्रामाणिक उपक्रम आहे."

"त्यात सगळ्यात जास्ती चुका कोणाच्या आहेत?"

साहेब हसले. "तुमच्याच आहेत बाई. तोच तर तुमचा मोठेपणा."

"मंग पयले मले काढा," बाई म्हणाल्या. "माह्या चुका पन्नास, तं तो मोठेपणा. त्याची एक, तं तो नालायक. असं काहून साहेब? मी कोण आन् तो कोण, हे पाहूनच ठरवता ना तुमी?"

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "तुम्ही कायम आहात. ते तात्पुरते आहेत. नियमाचा प्रश्न आहे. आणि बाई, भलते अर्थ काढू नका." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "या बाईंनी स्वखुशीनं वही दिली. विचारा त्यांना." मी मान खाली घातली. मी म्हणू शकत होते की साहेब, डाव्या पानाच्या तळाची ती ओळ वाचा, मुलं वाचायला लागली आहेत, मेश्राम सरांच्या एका पानानं माझा वर्ग शिकला आहे. हे सगळं मला माहीत होतं. मी एक शब्दही बोलले नाही. मीसुद्धा तेव्हा तात्पुरतीच होते.

वही त्यांनी परत दिली नाही. ती आता कचेरीचं रेकॉर्ड झाली होती.

वार्षिक सभेला बाई गेल्या नाहीत. मुख्याध्यापकांनी मला पाठवलं, मी गेले, स्टेजवर चढले आणि प्रमाणपत्र घेतलं. टाळ्या वाजल्या. पुढच्या वर्षी मी कायम झाले. प्रमाणपत्र काचेत घालून मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे लागलं आणि शाळेची इमारत बदलेपर्यंत तिथंच होतं. सभेच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "कुसुम, तुह्यं चुकलं वं," त्या म्हणाल्या. "लिहून काढ."

"वही कुठं आहे आता बाई?"

"वही नसली म्हून लिहिता येत नाही का?"

मी लिहिलं नाही. बाईंनी पुन्हा कधी म्हटलं नाही. आम्ही डबा एकत्र खात होतो, एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जात होतो, त्या माझ्याशी चांगल्याच वागल्या. फक्त त्या दिवसानंतर त्या शिकवताना कधी मध्ये थांबल्या नाहीत. घंटेपासून घंटेपर्यंत सरळ शिकवायच्या, आमच्यासारख्या. शेजारच्या वर्गातून मी कान देऊन ऐकायचे. 'थांबा रे पोट्टेहो' पुन्हा ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यामुळे गेलं.

चार-पाच वर्षांनी उमरेडच्या बसस्टँडवर मेश्राम सर भेटले. कोळशाच्या खाणीवर हजेरी लिहायचं काम करत होते. केस पिकायला लागले होते. त्यांनीच आधी नमस्कार केला. माझी, बाईंची चौकशी केली. मग विचारलं, "वही फिरते का बाई आता?" मी नाही म्हटलं. वही कुणी दिली हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, मला आजतागायत ठाऊक नाही. सांगायची तीच वेळ होती. मी म्हटलं, माझी बस लागली.

बाई निवृत्त झाल्या आणि दोन वर्षांत, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, गेल्या. तेराव्याला मी उमरेडला गेले तेव्हा त्यांच्या पुतणीनं एक वही माझ्यापुढे ठेवली. "मोठ्याईनं तुमच्यासाठी ठेवली होती. कुसुमले देजो, म्हणे." नवी वही होती. कव्हर पुन्हा लुगड्याच्या तुकड्याचं, काठ बरोबर कडेला. मी घाबरत घाबरत उघडली. माझ्याविषयी काय लिहिलं असेल ते वाचायची तयारी करून बसले होते.

पहिल्याच उजव्या पानावर बाईंचं अक्षर होतं. 'मी सगळ्यांना चुका लिहायला लावल्या. माझी चूक मला पचते, मेश्राम सरांना पचू दिली जाणार नाही, हे मला कळायला हवं होतं. त्यांनी सांगितलंही होतं. मी ऐकलं नाही आणि माझा शब्द दिला. त्यांची नोकरी माझ्या शब्दानं गेली.' खाली सही. माझं नाव कुठंच नव्हतं. सगळी वही चाळली, बाकी पानं कोरी होती.

डाव्या पानावर मला काही लिहायचं होतं. बाई, तुमचं चुकलं नव्हतं, असं. तीन वेळा पेन उघडलं. पण ते लिहायचं तर आधी पुढचं उजवं पान भरायला हवं होतं, आणि त्यावर माझी सही.

हे जे इथवर लिहिलं, ते त्या पानावरचं आहे. कुसुम, गांधीबाग शाळा. आता डावीकडे लिहायला त्या चार शाळांतलं कोणी उरलेलं नाही. मेश्राम सर असतील तर त्यांनी लिहावं. त्यांना जे लिहायचं असेल ते.