सुदृढ मातेचं बक्षीस

गावात दवाखाना सुरू होणार होता, आणि दवाखाना म्हटलं की आधी मांडव. उद्घाटनाला पुण्याहून साहेब येणार, त्यांच्या हातून काहीतरी वाटलं जायला हवं, म्हणून कुणाच्या तरी डोक्यातून ‘सुदृढ माता’ स्पर्धा निघाली. गरोदर बायकांत जिचं वजन सगळ्यांत जास्त, तिला खण-नारळ. परीक्षक म्हणून भातगिरणीतला पोत्यांचा काटा आणला होता.

मला आठवा लागला होता. मी तिथल्याच शाळेत शिकवत होते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. गेल्या पंधरवड्यात मी भराभर फुगले होते. चपला पायांत शिरत नव्हत्या, बांगड्या मनगटात रुतल्या होत्या आणि सकाळपासून कपाळ ठणकत होतं. सासूबाई मात्र खूश होत्या. “बाळ अंगी लागतंय,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मला ते पटत नव्हतं. पण न पटण्याला माझ्याजवळ कारण नव्हतं, नुसती भीती होती. ती बोलून दाखवली की त्या म्हणत, “पुस्तकं वाचून वाचून डोस्कं दुखतंय तुजं.”

काट्यावर चढले तेव्हा गिरणीवाला म्हणाला, “मास्तरीणबाई, हलू नका. पोतं बगा कसं गप बसतंय.” बायका हसल्या. मीही हसले. पहिला नंबर माझाच आला. मग साहेबांनी सुदृढ माता आणि बलवान राष्ट्र यांचा संबंध बराच वेळ समजावून दिला. मला एकाचे दोन साहेब दिसू लागले होते. खरं तर एकही पुष्कळ होता.

दवाखान्याच्या नव्या डॉक्टरीणबाईंना व्यासपीठावर खुर्ची नव्हती. त्या खाली माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांचं लक्ष माझ्या पावलांकडे गेलं. त्यांनी वाकून नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. मग मला आत नेऊन दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, पारा बघितला. पुन्हा दाबला. नंतर दुसऱ्या दंडाला.

“पैला नंबर आलाय तिचा,” मागोमाग आत आलेल्या सासूबाई म्हणाल्या.

“आजी, हे बाळाचं वजन नव्हे. अंगात पाणी साठलंय आणि रक्तदाब फार चढलाय. झटका आला तर दोघंही हातची जातील. आत्ताच्या आत्ता पुण्याला न्यायला हवं.”

एसटी संध्याकाळी होती. मोटार एकच, साहेबांची. आणि साहेब पंगतीला बसले होते. परक्या पुरुषासमोर कधी तोंड न उघडणाऱ्या सासूबाई थेट त्यांच्या पानासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“सायेब, खण-नारळ माघारी घ्या. गाडी तेवढी द्या.”

“हो, हो. जेवणं झाली की बघू.”

“तुमी जेवा की निवांत. आमी डायवरला घिऊन जातो.”

ड्रायव्हर पंगतीतून उठला आणि हात धुऊन गाडीकडे गेला.

डॉक्टरीणबाईही आमच्याबरोबर गाडीत बसल्या. रस्ता कच्चा होता. खड्डा आला की कपाळात कळ उठायची आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पुण्याजवळच्या भूगावच्या अलीकडे माझ्या लक्षात आलं, की बऱ्याच वेळात पोटात हालचाल नाही. मी तसं म्हणताच डॉक्टरीणबाईंनी गाडी थांबवली, पोटाला लाकडी नळी लावली आणि कान टेकवला. सासूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

“ठोके आहेत बाळाचे.”

“आन् हिचं कसं हाय?”

डॉक्टरीणबाईंनी नळी पिशवीत ठेवली आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.