अठ्ठावीस टब, एक बादली

पस्तिशी उलटलेल्या बाईने अंगणात प्लॅस्टिकचे अठ्ठावीस टब मांडून त्यात किडे पाळावेत, हे आमच्या झरी गावात कुणालाच पटलेलं नव्हतं. शेजारच्या बायका जाता-येता विचारायच्या, झालं का किड्यांचं बाळंतपण? मी हसून घ्यायचे. त्यांचं फारसं चुकतही नव्हतं. पीएचडीनंतर मी फेलोशिपवर पुढचं संशोधन, म्हणजे पोस्टडॉक, करत होते आणि विषय तोच होता, किडे पिल्लं कशी सांभाळतात आणि वाऱ्यावर कधी सोडतात.

माझा किडा म्हणजे पाणढेकूण. चपटा, मातकट, बोटाच्या पेराएवढा. मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि आपल्या वाटेने निघून जाते. पुढे आठ-दहा दिवस बाप ते ओझं घेऊन फिरतो. पंख उघडता येत नाहीत, म्हणजे उडणं बंद. अंड्यांना हवा लागावी म्हणून सारखं वर यायचं, पुन्हा खाली जायचं. उपाशी ठेवलं तर हा बाप किती दिवस टिकतो आणि अंडी खरवडून कधी टाकतो, एवढंच मला शोधायचं होतं. एका टबात एक बाप. टबावर नंबर आणि अंडी घातल्याची तारीख. किड्यावर खूण करायची सोय नव्हती, कारण त्याच्या पाठीवर जागाच उरत नाही.

पहिल्या वर्षी मी किडे पकडायला येलदरी धरणाच्या पाण्यावर पोचले तोवर हंगाम सरला होता. दुसऱ्या वर्षी टबांत बुरशी झाली. हे तिसरं आणि शेवटचं. फेलोशिप वाढवून मिळणार की नाही, ते या टबांवर अवलंबून होतं. नाही मिळाली तर या वयात कुठलीच प्रयोगशाळा मला दारात उभं करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

प्रयोग अर्ध्यावर आला असताना एक दिवस मी मायक्रोस्कोपचा बल्ब आणायला परभणीला गेले. घरी अण्णा एकटे होते. अण्णा म्हणजे माझे वडील, रिटायर मुख्याध्यापक. मी दुसरीत असताना आई गेली. तेव्हापासून माझ्या वेण्यासुद्धा त्यांनीच घातल्या, वाकड्यातिकड्या.

गावात डेंगूचे पेशंट निघाले होते, म्हणून आरोग्य खात्याची ताई कोरड्या दिवसासाठी घरोघर फिरत होती. कोरडा दिवस म्हणजे आठवड्यातून एकदा घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतायचं, भांडी घासून पालथी घालायची, म्हणजे डासांच्या अळ्या मरतात. आमच्या अंगणात तिला निम्मे टब अळ्यांनी वळवळताना दिसले. त्या अळ्या मीच मुद्दाम सोडल्या होत्या, निम्म्या किड्यांचं खाणं म्हणून; बाकीचे निम्मे उपाशी ठेवले होते. तिने एवढंच विचारलं म्हणे, की गुरुजी, तुमच्याच दारात? नोकरीत असताना अण्णा शाळेची पोरं घेऊन कोरड्या दिवसाची फेरी काढायचे. घोषणासुद्धा त्यांनीच लिहिलेल्या होत्या. त्यांना ते फार लागलं.

मी चारला परतले, तर टब घासूनपुसून भिंतीकडेला ओळीने पालथे. नंबरसुद्धा घासून निघालेले. अण्णा दारातच उभे होते, कामगिरी फत्ते केल्यासारखे.

"किडे फेकले न्हाईत मी," ते म्हणाले. "एक बी जाऊ दिला न्हाई. सगळे एका बादलीत ठेवलेत, ताज्या पाण्यात."

बादलीला ब्लीचिंग पावडरचा वास येत होता, कारण साथीमुळे नळाच्या पाण्यात ती जास्त टाकत होते. काही किडे उलटे तरंगत होते. उरलेले एकमेकांना धरून शोषत होते. हा किडा शिकारीच आहे, म्हणून तर एका टबात एक ठेवला होता. सुटलेली अंडी तळाशी पडली होती. जे जिवंत होते त्यांतला उपाशी कोण आणि पोटभर खाल्लेला कोण, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"अण्णा, तुमी माझं सगळं मातीत घातलंत," मी म्हणाले. आणखीही बरंच बोलले, ते लिहायची लाज वाटते.

अण्णा पायरीवर बसले. "मला वाटलं, मी नुसतं पाणी बदलायलोय," एवढंच म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि मी जेवा म्हणालेही नाही.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर अण्णा घरात नव्हते. दुपारी जीपमधून उतरले. धोतर कंबरेपर्यंत भिजलेलं, एका हातात पिठाची चाळणी, दुसऱ्या हातात बादली. सत्तरीचा माणूस येलदरीच्या पाण्यात उतरून, पाठीवर अंडी असलेले अकरा बाप पकडून आला होता.

ते अकराही माझ्या कामाचे नव्हते. अंडी कोणत्या दिवशीची, बापाने त्याआधी काय खाल्लं, काही माहीत नव्हतं, आणि नव्याने सुरुवात करायला हंगाम उरला नव्हता. हे त्यांना न सांगता मी त्यांच्या हातातली बादली घेतली.

अण्णांनी या वेळी विहिरीचं पाणी आणलं. एका टबात एक किडा ठेवला, नंबर घातले, अळ्यासुद्धा सोडल्या. कोरड्या दिवशी ती ताई आली तेव्हा तिला फाटकातच थांबवून म्हणाले, हे संशोधन हाय, याला हात लावायचा न्हाई.

प्रयोग बुडाल्याचं मी लगेच कळवलं होतं; मुदतवाढ नाकारल्याचं पत्र येऊन तीन दिवस झालेत. दोन ओळींचं आहे. अण्णांना मी अजून सांगितलेलं नाही.

रोज सकाळी सातला ते चष्मा लावून टबांपुढे वाकतात आणि त्यांच्या त्या वळणदार अक्षरात वहीत नोंद करतात. आज लिहिलंय, 'क्रमांक सातची पिल्लं निघाली. बाप ठीक आहे.' मग वही माझ्यापुढे धरून उभे राहतात. मी खाली 'तपासले' लिहिते आणि सही करते. ते पान उलटून उद्याची तारीख घालून ठेवतात. वही त्यांनी दोनशे पानी आणली आहे.